अकरा ओळींची साफसफाई

आवरणारा : ताई, पॅच अवघा अकरा ओळींचा आहे. लिनक्सच्या कर्नलमधला एका जुन्या सीरियल चिपचा ड्रायव्हर मी आवरायला घेतला. कुठेच न वापरलेलं एक व्हेरिएबल काढून टाकलं. इंटरप्ट, म्हणजे चिपने प्रोसेसरला हाक मारायची वाट, मिळाला नाही तर दोन-दोन एरर मेसेज छापले जात होते, त्यातला एक काढला. आणि चिपला एक आज्ञा दिल्यावर दहा मायक्रोसेकंद थांबावं लागतं, तिथे ‘यूडिले’ होतं, त्याच्या जागी ‘यूस्लीप रेंज’ घातलं. कर्नलसोबतच येणारी चेकपॅच नावाची स्क्रिप्ट तसंच सुचवते. ड्रायव्हर आधी जे करत होता तेच आताही करतो, आणि वर्णनात मी लिहिलंही आहे की वागणुकीत काही बदल नाही. पॅच कंपाइल होतो, एक वॉर्निंग कमी होते. तरी तीन आठवडे झाले, तुमच्याकडून ना हो आलं, ना नाही. घरातला केर काढायला कुणाला विचारावं लागत नाही. मग इथे एवढं अडायचं कारण काय?

राखणारी : तुझ्या अकरा ओळी वाचायला मला एक मिनिट लागलं. ‘वागणुकीत काही बदल नाही’ हे तुझं वाक्य खरं आहे का, ते बघण्यात दोन संध्याकाळी गेल्या. आणि ते खरं निघालं नाही. यूडिले म्हणजे प्रोसेसरने जागच्या जागी घिरट्या घालत वेळ काढणं. तेवढ्या वेळात त्याच्याकडून दुसरं काहीच होत नाही, म्हणून ती उधळपट्टी वाटते. यूस्लीप रेंज म्हणजे मी जरा झोपतो, तोवर दुसऱ्या कुणाचं काम होऊ दे. ऐकायला हे शहाणपणाचं आहे. पण ज्या फंक्शनमध्ये तू हा बदल केलास, त्याला बोलावणारं फंक्शन आधी स्पिनलॉक धरतं, इंटरप्टही बंद करतं आणि मगच याला बोलावतं. स्पिनलॉक धरून झोपायचं नाही, हा कर्नलमधला पहिल्या धड्यातला नियम. किल्ली कमरेला खोचून माणूस आत झोपला, तर बाहेरचे दारात ताटकळतात. इथे ताटकळणारेही आपापला प्रोसेसर अडवून घिरट्या घालत बसतात, आणि सगळं यंत्र गोठू शकतं. हे डिफमध्ये दिसत नाही. डिफ बदललेल्या ओळीच्या वरच्या तीन आणि खालच्या तीन ओळी दाखवतो. लॉक घेतलाय तो दोनशे ओळी वर, वेगळ्याच फंक्शनमध्ये. चेकपॅच ओळीतली अक्षरं वाचते आणि ठरलेल्या साच्यांशी ताडून बघते. लॉक कुणी, कुठे धरलाय, ते तिला कळायचा मार्गच नाही. ते तुला कळायला हवं होतं.

आवरणारा : ती ओळ मी परत घेतो, चूक माझीच आहे. पण त्या एका ओळीपायी सगळ्या आवराआवरीला दोषी धरू नका. आपल्या राजगडाची तटबंदी बघा. दगडांच्या सांध्यात पिंपळाचं बी पडतं. रोप कोवळं असतं तेव्हा दोन बोटांनी उपटून येतं. एवढ्याशा रोपाने काय होतंय म्हणून सोडून दिलं, तर काही वर्षांत मुळं सांधे फोडतात, आणि मग झाड तोडायला गेलं की त्याच्याबरोबर दगडच निखळतात. कर्नलच्या ओळी आता चार कोटींच्या घरात आहेत, आणि त्यातल्या निम्म्याहून जास्त ड्रायव्हरच्या, म्हणजे एकेका यंत्राशी बोलणाऱ्या कोडच्या. तिथली रोपं कुणी उपटायची? सी भाषेत स्विचच्या एखाद्या केसच्या शेवटी ‘ब्रेक’ लिहिला नाही, तर काम ओघळून पुढच्या केसमध्ये शिरतं. कधी ते मुद्दाम केलेलं असतं, कधी विसरलेलं, आणि नुसतं बघून दोन्ही सारखंच दिसतं. काही जणांनी वर्षानुवर्षं एकेक जागा तपासली, मुद्दाम असेल तिथे तशी खूण केली. २०१९ साली आलेल्या ५.३ आवृत्तीपासून, खूण नसेल तर कंपायलरच हटकतो. वरवर पाहता ती निव्वळ साफसफाई होती, पण खरोखर विसरून राहिलेले ब्रेक त्या साफसफाईतच सापडले. मोडलेल्या गोष्टी पसाऱ्यात लपून राहतात, ताई. पसारा हलवल्याशिवाय त्या दिसत नाहीत.

राखणारी : ज्यांनी ब्रेक शोधले, त्यांनी प्रत्येक जागी एकच प्रश्न विचारला : हे मुद्दाम की विसरून? तू तो प्रश्न विचारला नाहीस. स्क्रिप्टने बोट दाखवलं आणि तू ओळ बदललीस. आमच्या वेल्ह्यात भाताच्या खाचरांना मातीचे बांध असतात. पाहुण्याला बांधावरचं गवत म्हणजे रान माजलेलं वाटतं. त्याने हौसेने विळा-खुरपं घेऊन बांध अगदी चकाचक केला, तर पहिल्या मोठ्या पावसात माती घसरते, कारण माती त्या गवताच्या मुळांनीच धरून ठेवली होती. कुठलं गवत काढायचं आणि कुठलं ठेवायचं, हे बांध कुठून फुटतो ते पाहिलेल्याला ठाऊक असतं. यापेक्षा मोठं उदाहरण हवं असेल तर डेबियन या लिनक्स वितरणाचं घे. २००६ साली ओपन-एसएसएल या कूटलेखनाच्या कोडमधल्या दोन ओळींवर व्हॅलग्रिंड हे तपासणीचं साधन कुरकुर करत होतं. डेबियनमध्ये त्या ओळी बंद करण्यात आल्या. करणाऱ्याचा हेतू चांगला होता. त्याने मूळ कोडच्या मंडळींना विचारलंही होतं आणि नकार आला नव्हता. पण किल्ल्या बनवताना लागणारी यादृच्छिकता आत ओतली जायची ती त्यांतल्याच एका ओळीतून. पुढे जवळपास दोन वर्षं तिथे बनलेल्या किल्ल्यांत फरक पडत होता तो जवळजवळ प्रोसेसच्या क्रमांकापुरता. म्हणजे एका प्रकारच्या यंत्रावर, एका लांबीच्या किल्लीला, सारे मिळून ३२,७६७ पर्याय. संगणक ते बसल्या बसल्या मोजून काढतो. १३ मे २००८ ला हे जाहीर झालं, आणि जगभर लोकांना किल्ल्या फेकून नव्या बनवाव्या लागल्या. बदल दोन ओळींचाच होता.

आवरणारा : त्याच घटनेतून मला वेगळा धडा दिसतो. ती ओळ तिथे का आहे, हे कुणीच शेजारी लिहून ठेवलं नव्हतं. अत्यावश्यक ओळ आणि अनावश्यक ओळ हुबेहूब सारख्या दिसत होत्या. मग हात लावणारा तेवढा चुकला आणि कारण न लिहिता ओळ ठेवणारे सुटले, असं कसं? तुमच्या या ड्रायव्हरमध्येही ‘हे लॉक धरून बोलावलं जातं’ अशी एक ओळ कॉमेंटमध्ये असती, तर मी त्या यूडिलेला शिवलोही नसतो. आणि दुसरी गोष्ट माणसांची. वेल्ह्याच्या एखाद्या वाडीतून पुण्याला शिकायला आलेल्या मुलाने कर्नलमध्ये शिरायचं कुठून? त्याला कुणी शेड्युलर लिहायला देणार नाही. पुण्यातल्या लिनक्स युजर्स ग्रुपमध्ये काय किंवा सांगलीच्या वालचंद कॉलेजातल्या लिनक्स ग्रुपमध्ये काय, नवख्याला पहिली वाट हीच दाखवली जाते : छोटा पॅच कर, नियमाप्रमाणे पाठव, लोक काय म्हणतात ते ऐक. कर्नलने २००८ मध्ये स्टेजिंग नावाचा वेगळा कप्पा उघडला तो कच्च्या ड्रायव्हरसाठी, आणि नवखे तिथेच हात बसवतात. एक फालतू व्हेरिएबल काढताना मी पॅच कसा बांधायचा, वर्णन कसं लिहायचं, खाली सही करायची म्हणजे कशाची जबाबदारी घ्यायची, हे शिकलो. ही पायरीच तुम्ही काढून घेतली, तर उद्या तुमच्या जागी बसायला माणूस येणार कुठून?

राखणारी : पायरी मी काढून घेत नाही. तिची किंमत कोण भरतं, तेवढं तुला सांगते. पाठवणाऱ्याच्या अर्ध्या तासामागे तपासणाऱ्याच्या दोन संध्याकाळी, आणि तपासणारे मोजके. ज्या संध्याकाळी मी तुझा लॉक शोधत होते, त्या संध्याकाळी कुणाचं तरी यंत्र खरोखर बंद पडल्याची तक्रार माझ्यासमोर तशीच पडून होती. शिवाय प्रत्येक साफसफाई इतिहासावर एक थर चढवते. ही ओळ कुणी, कधी, कशासाठी लिहिली हे गिटला विचारलं की तो शेवटी हात लावणाऱ्याचं नाव पुढे करतो, आणि खरं कारण त्या थराखाली जातं. जुन्या स्थिर आवृत्त्यांमध्ये एखादी दुरुस्ती न्यायची वेळ आली की ती बसत नाही, कारण आजूबाजूच्या ओळी कुणीतरी मध्येच आवरून ठेवलेल्या असतात. म्हणून तर मेंटेनरांच्या, म्हणजे कोड राखणाऱ्यांच्या, यादीत एखाद्या ड्रायव्हरला ऑब्सोलीट म्हटलेलं असेल, तर तीच तुझी चेकपॅच सांगते की कृपया अनावश्यक बदल नकोत. आणि विश्वासाचंही बघ. २०२१ मध्ये अमेरिकेतल्या मिनेसोटा विद्यापीठातल्या संशोधकांनी तपासणारे सावध आहेत का ते पाहायला मुद्दाम सदोष, पण दिसायला निरुपद्रवी असे छोटे पॅच पाठवले होते, हे उघड झालं. त्यानंतर त्या विद्यापीठातून आलेले कितीतरी जुने, प्रामाणिक पॅचसुद्धा पुन्हा उलगडून तपासावे लागले. तेव्हापासून ‘लहानसाच तर आहे’ हे शब्द ऐकले की मला धीर येत नाही.

आवरणारा : थोड्यांच्या लबाडीची शिक्षा सगळ्या नवख्यांना नको, एवढंच म्हणतो. आणि आता मला काय सापडलं ते ऐका. तुम्ही लॉकचं सांगितल्यावर मी पहिल्यांदा तो ड्रायव्हर वरपासून खालपर्यंत वाचला. सुरुवात होताना तो चिपचं क्लॉक चालू करतो, मग इंटरप्ट मागतो. इंटरप्ट मिळाला नाही, तर एरर मेसेज छापून सरळ बाहेर पडतो. क्लॉक बंद करतच नाही. मी काढला तो जादा मेसेज बरोबर याच वाटेवर होता. म्हणजे कित्येक वर्षं लोक त्या ओळीच्या शेजारून गेले आणि खालची गळती कुणाला दिसली नाही. सगळं सुरळीत असतं तेव्हा जिचा उपयोग नसतो, अशा वाटेकडे कुणाचंच लक्ष जात नाही. आपल्या पानशेतचं धरण १२ जुलै १९६१ ला फुटलं, पहिल्याच पावसाळ्यात. पाणी साठत गेलं तेव्हा ते बाहेर सोडायच्या विमोचकाचं काम पुरं झालेलं नव्हतं. त्या दिवशी पुण्याने जे भोगलं त्याची तुलना एका चिपच्या क्लॉकशी करणार नाही मी. पण काम बिघडलं तर बाहेर पडायची वाट आधी नीट हवी, हे या खोऱ्यात वाढलेल्याला दुसऱ्या कुणी शिकवायला नको. ती वाट मला दिसली कशामुळे? त्या अकरा ओळींमुळे.

राखणारी : दिसली ती अकरा ओळींमुळे नाही रे, ड्रायव्हर वाचल्यामुळे. पण अकरा ओळी नसत्या तर तू वाचायला बसला नसतास, हेही मला कबूल करावं लागेल. आता त्याचं नाव मात्र बदल. ही साफसफाई राहिली नाही, ही दुरुस्ती आहे, आणि दुरुस्ती वेगळ्या पॅचमध्ये यायला हवी. ज्या जुन्या कमिटने ही गळती आणली तिचा क्रमांक ‘फिक्सेस’ म्हणून खाली लिही. म्हणजे जुन्या आवृत्त्या सांभाळणारे ती उचलतील. साफसफाईत गुंडाळून पाठवलीस तर ती कुणाच्या नजरेत येणार नाही. आणि दुरुस्ती करताना पुन्हा मोह होईल तो ‘डेव्हएम’ वापरायचा. २००७ पासून कर्नलमध्ये ही सोय आहे : मेमरी, इंटरप्ट, क्लॉक त्या पद्धतीने घेतलं की ड्रायव्हर निघताना ते आपोआप, घेतल्याच्या उलट क्रमाने परत केलं जातं. सोय फार चांगली आहे. पण हे आपोआप परत करणं ड्रायव्हरचं रिमूव्ह फंक्शन संपल्यावर होतं. या ड्रायव्हरमध्ये बफर रिमूव्हमध्ये हाताने मोकळा केला जातो. तू इंटरप्ट तेवढा डेव्हएमवर टाकलास आणि बफर तसाच ठेवलास, तर बफर गेल्यानंतरही क्षणभर इंटरप्ट जिवंत राहील. त्या क्षणात चिपने हाक मारली, तर ड्रायव्हर मोकळ्या झालेल्या मेमरीत लिहील. डिफमध्ये दिसेल काय? दोन ओळी कमी झाल्या, कोड सुटसुटीत झालं. बघणारा खूश होईल.

आवरणारा : म्हणजे पॅच लहान की मोठा हे ओळींवर मोजायचंच नाही. काही बदललं नाही, हे पटायला वाचणाऱ्याला किती माहिती लागते, त्यावर मोजायचं. तसं पाहिलं तर माझ्या तिन्ही बदलांची वजनं वेगवेगळी आहेत. व्हेरिएबल कुणी वापरत नाही, हे कंपायलरच सांगतो, तुम्हाला काहीच शोधावं लागत नाही. जादा मेसेजला एक कारण पुरतं : २०१९ पासून ‘प्लॅटफॉर्म गेट आयआरक्यू’ हे फंक्शन स्वतःच एरर छापतं, म्हणून ड्रायव्हरने पुन्हा छापायची गरज उरली नाही. हे मी लिहिलं असतं तर तुमची पाच मिनिटं गेली असती. आणि तिसऱ्याला अख्खा ड्रायव्हर वाचावा लागला. मी तिघांना एका पुडीत बांधलं आणि वर एकच चिठ्ठी डकवली. हे माझं चुकलं. पण याचा अर्थ पुरावा सगळा पाठवणाऱ्यानेच द्यायचा असा होत असेल, तर तोही पुरता न्याय नाही. कर्नलमध्ये ‘डीबग ॲटॉमिक स्लीप’ हा पर्याय आहे. तो चालू ठेवून ड्रायव्हर चालवला असता तर लॉक धरून झोपल्याबरोबर त्याने लॉगमध्ये बोंब मारली असती. मी तो चालवला नाही, कारण ती चिप माझ्याकडे नाही. तुमच्याकडे आहे का?

राखणारी : नाही. माझ्याकडची शेवटची चिप बंद पडून बरीच वर्षं झाली. मी हा ड्रायव्हर राखते तो डोळ्यांनी वाचून आणि डेटाशीट शेजारी ठेवून.

आवरणारा : मग खरा प्रश्न हाच आहे, ताई. जो ड्रायव्हर आपल्यापैकी कुणालाच चालवून बघता येत नाही, त्याला हात न लावणं ही राखण कशी? ती तर बंद खोलीची किल्ली जपणं झालं. आजूबाजूचा कर्नल बदलत राहतो, फंक्शनांची नावं बदलतात, आणि न वाचलेलं कोड त्याबरोबर फरफटत जातं. एक तर आवरा, नाहीतर काढून टाका. १९९१ मध्ये लिनक्स सुरू झालं ते ३८६ प्रोसेसरच्या यंत्रावर. तरी २०१३ च्या ३.८ आवृत्तीत ३८६ चा आधार काढलाच ना? जिथे जन्म झाला ते घर सोडता आलं, तर ही एक चिप का नाही?

राखणारी : ३८६ बाजारातून केव्हाच गेला होता, आणि त्याच्यासाठी करावी लागणारी तजवीज इतर सगळ्यांना जड होत होती. ही सीरियल चिप कुणालाच जड होत नाही. ती कुठे चालू आहे, तेही आपल्याला माहीत नाही. अशा चिपा कारखान्यातल्या जुन्या यंत्रावर, वजनकाट्याच्या मागे, एखाद्या पाणी मोजायच्या केंद्रावर बसवलेल्या असतात. तिथला माणूस तक्रार लिहीत नाही, कारण त्याचं यंत्र चालतंय. चालणाऱ्याचा आवाज माझ्यापर्यंत येत नाही, मोडलं की येतो. तू म्हणतोस, कुणी बोलत नाही म्हणजे कुणी वापरत नाही. मी म्हणते, कुणी बोलत नाही म्हणजे कदाचित सगळं ठीक चाललंय. या दोन्हींतलं खरं कुठलं, ते कोड वाचून ठरत नाही.

आवरणारा : आणि आपल्या दोघांच्या वादानेही ठरत नाही. मला अजून वाटतं की ज्याची कुणी परीक्षा घेऊ शकत नाही ते कोड राखण्याचा आव आणू नये. तुम्हाला वाटतं की ज्याची परीक्षा घेता येत नाही त्याला धक्काही लावू नये. निदान पॅच तरी नीट पाठवतो. तीन तुकडे करतो. पहिला व्हेरिएबलचा. दुसरा जादा मेसेजचा, २०१९ च्या कारणासकट. तिसरा क्लॉकच्या गळतीचा, डेव्हएमशिवाय, साध्या पद्धतीने, फिक्सेसच्या ओळीसह. यूडिलेला हात लावणार नाही, पण त्याच्यावर कॉमेंट घालायला परवानगी द्या : लॉक धरलेला असतो, इथे झोपू नये. आणि ‘वागणुकीत बदल नाही’ असं मोघम लिहिणार नाही. काय तपासलं, कसं तपासलं आणि काय तपासता आलं नाही, ते तिन्ही लिहीन. शेवटची ओळ असेल : फक्त कंपाइल करून पाहिलं आहे, चिपवर चालवलेलं नाही.

राखणारी : ती कॉमेंट आधी पाठव. ती मीच कधीची लिहायला हवी होती. पहिले दोन पॅच आठ दिवसांत घेते, आणि तीन आठवडे गप्प राहिले ती माझी चूक होती. नकार असला तरी तो कारणासकट वेळेवर कळवायला हवा, नाहीतर पुढचा मुलगा पाठवायचंच सोडून देईल. तिसऱ्या पॅचबद्दल मला आज ठाम सांगता येत नाही. वाचून तो बरोबर वाटतो, पण वाचून बरोबर वाटलेल्या गोष्टींची उदाहरणं मी तुला आत्ताच दिली. तपासल्याची सही मी करीन. चालवून पाहिल्याची सही मला करता येणार नाही, तुलाही नाही, आणि ती जागा आपण रिकामीच ठेवू. ज्याच्या कारखान्यात, दुकानात, माळ्यावर अशी जुनी चिप अजून जिवंत आहे, त्याने नवा कर्नल एकदा तिच्यावर चालवून बघावा आणि चालला तरी दोन ओळी लिहून कळवावं. त्या रिकाम्या जागी नाव त्याचंच लागणार आहे.